रस्त्यापलीकडचा परदेश

ज्या माणसाला हारतुरे घालून निरोप दिला आहे, त्याने दुसऱ्या दिवशी गावात दिसू नये. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडला की गाव आपल्याकडे कसं बघतं ते मी भोगलेलं आहे. मी तर दुसऱ्या दिवशीच काय, पुढे कितीतरी दिवस दिसत होतो. तोही माझ्याच घरासमोर, अलाउद्दीनच्या ओट्यावर, चष्म्याशिवाय आणि दाढी वाढवून.

मी पौडच्या एका शाळेत हेडक्लार्क. नोकरीतलं माझं मुख्य काम म्हणजे शाळा सोडल्याचे दाखले लिहिणं. पोरं दाखला घेऊन पुण्याला गेली, मुंबईला गेली, दोघंतिघं थेट अमेरिकेला गेली. 'वर्तणूक चांगली' असं त्या सगळ्यांना मीच लिहून दिलं, काहींना तर सदसद्विवेकबुद्धी गुंडाळून ठेवून. मी मात्र त्याच खुर्चीत. ऑफिसच्या खिडकीतून पश्चिमेचे डोंगर दिसतात. पावसाळ्यात ढग ताम्हिणीचा घाट चढून येतात, मुळशीच्या पाण्यावर जरा टेकतात आणि सावकाश पौडात शिरतात. ते जिकडून येतात तिकडे काय असेल, या विचारात माझे बरेच दाखले चुकले. लोक याला तंद्री म्हणत. मी चिंतन म्हणे.

त्यामुळे दोन हजार तीन साली एका जुन्या विद्यार्थ्याने मस्कतला रस्ते बांधणाऱ्या कंपनीत दोन वर्षांसाठी हिशेबनिसाची जागा आहे असं सांगितलं, तेव्हा पुढ्यातल्या चहात साखर विरघळायच्या आत मी हो म्हणून मोकळा झालो. बिनपगारी रजा टाकली. मग घरी सांगितलं. मला वाटलं होतं, घरात हलकल्लोळ होईल. माझी बायको शारदा तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "जाऊन या. नाहीतर म्हातारपणी मला रोज ऐकावं लागेल." आई म्हणाली, "तितं ऊन लई असतंय म्हनं. टोपी घे." आमचा मनीष हिंजवडीत नोकरीला, राहायला जवळच्या जांबे गावी. तो फोनवर म्हणाला, "बाबा, ग्रेट! गो फॉर इट!" झालं. विषय संपला.

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. निदान एकाने तरी 'जाऊ नका' म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तरी मी गेलोच असतो. पण म्हणायला कुणाचं काय जात होतं?

घरात माझ्यावाचून अडेल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आमचं दार. घर बांधताना सुताराने चौकटीला आणि दाराला ओलं लाकूड वापरलं, आणि आमच्याकडच्या पावसाने त्याला पुरतं वाळू म्हणून दिलं नाही. आषाढ लागला की दार फुगतं, ते दिवाळीपर्यंत. ते लावायची एक कला आहे. डाव्या हाताने कडी धरून दार वर उचलायचं, उजवा पाय खाली टेकवायचा, श्वास रोखायचा आणि खांद्याने मधोमध असा एकच दणका द्यायचा. नीट बसलं की 'धप्प' असा भरीव आवाज येतो. हा आवाज फक्त मला काढता येई. रोज दिवेलागणीला शारदाची हाक यायची, "अहो, दार!" मी कुठे असेन तिथून, म्हणजे बहुतेक वेळा मनाने समुद्रापलीकडे कुठेतरी असेन तिथून, उठायचो आणि दार लावायचो. मग आमच्या घरी संध्याकाळ झाली असं समजलं जाई.

जायचं ठरल्यावर मी घरच्यांना दाराचं रीतसर शिक्षण दिलं. आईला सुरुवातीलाच वगळलं. शारदाने कडी धरली, पाय टेकवला, खांदा लावला आणि दार ढिम्म. पुन्हा केलं, पुन्हा ढिम्म. "नाही हो जमत," ती म्हणाली. मी वरकरणी हळहळलो. मनात जे वाटलं त्याला आनंद याशिवाय दुसरा शब्द नाही.

मग शाळेतला निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. हेडमास्तर माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मी दोनदा स्वतःला चिमटा काढून जिवंत असल्याची खात्री करून घेतली. शेजारच्या आशालताबाई, निवृत्त शिक्षिका, यांनी मेतकूट दिलं आणि सोबत सल्ला दिला, "निघाल्यावर मागे वळून बघायचं नाही. पाय अडतो." त्यांचे सगळे सल्ले लिहून घेतले असते तर वजन मेतकुटापेक्षा जास्त भरलं असतं. मी गावभर फिरून मोठ्यांच्या पाया पडलो, लहानांच्या पाठीवरून हात फिरवले, आणि जन्मात कधी बोललो नव्हतो अशा दोन माणसांना मिठी मारली.

इथे आईने पंचांग काढलं. विमान नेमकं पितृपक्षात. "पितरांच्या पंधरवड्यात माझं पोरगं घरातनं न्हाई निगायचं," ती म्हणाली. गुरुजींना बोलावलं. गुरुजी म्हणाले, "प्रस्थान ठेवा."

हल्लीच्या लोकांना हे सांगायला हवं. जायचा दिवस बरा नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी, मुहूर्त बघून, आपलं थोडं सामान जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालोच. मग खरोखर जाताना ते तिथून उचलायचं. मधल्या काळात ते घरी मात्र परत आणायचं नाही. मनीषला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे बाबा, बॅगेज आधी चेक-इन करायचं आणि नंतर बोर्डिंग. सेम आहे." त्याच्या इंजिनिअरिंगचा मला पहिल्यांदा उपयोग झाला.

गुरुजींनी पुढे सांगितलं, "सामान ठेवलं तरी चालतं. पण माणूस स्वतः जाऊन राहिला तर उत्तम." एवढ्यावर गप्प बसायचं होतं. पण आयुष्यात एकदा घर सोडायचं तर ते दुय्यम पद्धतीने कसं सोडायचं? मी म्हणालो, "उत्तमच करू."

मस्कत पश्चिमेला. आमच्या पश्चिमेला, रस्त्याच्या पलीकडे, अलाउद्दीनचं किराणा दुकान आणि मागे त्याचं घर. दुकानात पिवळा एसटीडीचा फोन, त्यामुळे परदेशाशी त्याचा संबंध होताच. मी त्याला विचारलं तेव्हा त्याने दुकानातली गिऱ्हाइकं तशीच ठेवली. "आमच्याकडं? दयाभाऊ, हे तुमी लई मोटं काम दिलं." मग त्याने बायकोला हाक मारली, "शहाजादी, पुढची खोली झाडून घे." आईने पिशवीत तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि माझ्या रोजच्या वापरातल्या वस्तू घातल्या. माणूस आपल्या वस्तूंच्या मागे जातो, असं तिचं म्हणणं. रोजच्या वस्तू म्हणजे माझा दाढीचा डबा आणि माझा चष्मा. मी आंघोळीला गेलेलो असताना हे घडलं. मग तिने गाठ मारली आणि शहाजादीला बजावलं, "त्यो जाईपत्तोर गाठ सोडायची न्हाई. त्यो मागंल. द्यायची न्हाई."

मुहूर्तावर माझ्या हातावर दही पडलं. मी उंबरा ओलांडला, डोळ्यात पाणी आणून रस्ता ओलांडला, आणि परदेशी पोचलो.

डोळे पुसले तरी सगळं अंधुकच, तेव्हा चष्मा नसल्याचं तिथे कळलं. मी शहाजादीपाशी गेलो. ती म्हणाली, "भावजी, आत्यानं सांगितलंय. गाठ न्हाई सुटायची." आत्या म्हणजे माझी आई. मी म्हणालो, तिला मी समजावतो. "तिकडं जाऊन समजवा की." तिकडे म्हणजे घरी, आणि घरी तर मला प्रस्थान मोडल्याशिवाय जाता येत नव्हतं. शहाजादीने त्या पिशवीवर जी नजर ठेवली, तशी आमच्या शाळेच्या कपाटावर कुणी कधी ठेवली नव्हती. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला.

दोन दिवसांत मुंबईच्या एजंटचा फोन आला. शाळेने कार्यमुक्त केल्याचा दाखला हवा, त्याशिवाय व्हिसा पुढे सरकत नाही. मी हेडमास्तरांना निरोप धाडला. त्यांचं उत्तर आलं की दाखला हेडक्लार्क लिहितो, आणि हेडक्लार्कला आपण परवाच कार्यमुक्त केलं आहे, शाल तुमच्याकडेच आहे. शेवटी शिपाई कोरा कागद आणि शिक्का घेऊन अलाउद्दीनच्या ओट्यावर आला, आणि माझा दाखला मीच लिहिला. चष्मा नव्हता, हाताला सवय होती. मी तंद्रीत जे लिहिलं ते हेडमास्तरांनी तंद्रीत सही करून पाठवलं. एजंटने मुंबईहून वाचून दाखवलं, "वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचे कारण, पालकांची विनंती." माझं विमान माझ्याशिवाय गेलं. दुसरा दाखला, दुसरा शिक्का, पुन्हा पहिल्यापासून.

आता मी ओट्यावर बसून असे. येणारे-जाणारे थबकत. "गेला नाहीत होय?" मी म्हणे, "गेलोय. प्रस्थान ठेवलंय." ते मान हलवत आणि पुढे जाऊन मागे वळून बघत. समारंभात मला घड्याळ देणाऱ्या मास्तरांनी तर सरळ रस्ता बदलला. दाढी वाढत चालली. दुकानात आलेल्या एका बाईने माझ्यापुढे चार आणे ठेवले.

पण खोटं सांगत नाही, त्या दिवसांची एक मौज होती. चष्मा नसला की जग मऊ होतं. मधे रस्ता, रस्त्यावर भुरभुर पाऊस, आणि पलीकडे माझं घर म्हणजे एक पिवळा ठिपका. दारातली तगर म्हणजे पांढरा पुसट फराटा. शारदा म्हणजे एक चालता रंग. कधी हिरवा, कधी गडद निळा, एका दिवशी तर चक्क शेंदरी. इतकी वर्षं तिच्या साड्यांचा रंग मी पाहिला नव्हता. आता तेवढाच दिसत होता. मी तासन्‌तास बघत राही. माझं घर माझ्याशिवाय चाललं होतं आणि मी समोर बसून ते बघत होतो. मेलेल्या माणसालाही इतकी चांगली जागा मिळत नसेल.

फार चांगलं चाललं होतं, हेच दुःख होतं. पाण्याचा पंप वेळेवर सुरू होई. गॅसचा सिलिंडर आला. वर्षभर मी दुरुस्त करतो म्हणत होतो ती पन्हळ कुणाकडून तरी दुरुस्त झाली. आणि एका संध्याकाळी माझ्या व्हरांड्यातल्या खुर्चीत, फक्त मी बसतो त्या खुर्चीत, मला एक अनोळखी आकृती पाय पसरून बसलेली दिसली. मी अलाउद्दीनला तातडीने पाठवलं. तो जाऊन चहा पिऊन आला. "आत्या हायेत," तो म्हणाला. "म्हनत्यात, खुर्ची लई झ्याक हाय, दया कधी उटायचाच न्हाई."

एकाच गोष्टीने धीर होता. रोज दिवेलागणीला तो चालता रंग दारात येई. थोडा वेळ उभा राही. माझे कान टवकारत. हाक काही येत नसे. मग रंग आत जाई आणि दार अर्धं उघडंच राही, कारण आतला उजेड मला रात्री अंथरुणातून दिसे. "बघ," मी अलाउद्दीनला म्हणालो, "दार लागत नाही तिला." मी हे दुःखाने सांगतोय असा माझा समज होता. अलाउद्दीन भला माणूस. तो तिकडे जाऊन विचारून आला, वहिनी, मी लावून देऊ का. ती म्हणाली, "राहू द्या भाऊ. तूर्त उघडंच बरं."

असे दिवस गेले आणि गुरुजी पुन्हा उगवले. प्रस्थान एके ठिकाणी फार दिवस ठेवत नाहीत, ते पुढे सरकवावं लागतं. अलाउद्दीनला वाईट वाटलं. "आमचं काय चुकलं का?" शहाजादीने पिशवी स्वतः उचलून, गाठ सगळ्यांना दाखवून, माझ्या आतेभावाच्या, हैबतरावाच्या जीपमध्ये ठेवली. तो पश्चिमेला, मुळशीकडच्या माले गावचा, भातशेतीवाला. निघताना तिने मला दशम्या बांधून दिल्या आणि पदर डोळ्यांना लावला. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी रडत होतं, आणि मी चाललो होतो माल्याला.

हैबतराव वाटेत म्हणाला, "दया, खरं सांग. तू मस्कतला चाललायस का गावं फिरतुयास?"

माल्याला धुकं इतकं की भातखाचरं सकाळी असत आणि दुपारी नसत. मुळशीचं पाणी कुठेतरी जवळ होतं, त्याचा फक्त गारवा लागे. आता समोर घर नव्हतं. पिवळा ठिपका नव्हता, हिरवा रंग नव्हता. अलाउद्दीनच्या ओट्यावर मी नुसता रुसलो होतो. इथे मला घराची आठवण आली. ज्या पश्चिमेकडे मी जन्मभर बघत होतो तिच्याकडे पाठ करून मी पौडच्या बाजूला तोंड करून बसू लागलो. संध्याकाळ झाली की आपसूक उठायचो आणि हैबतरावाचं दार लावायचो. ते एका बोटाने लागे. त्यात काही अर्थ नव्हता.

तिसऱ्या दिवशी अलाउद्दीन लुनावर भिजत आला. "दयाभाऊ, फोन आला! उद्या पहाटंचं इमान, आत्ताच्या आत्ता निघायचं. मनीष मोटी बॅग घिऊन चांदणी चौकात थांबलाय." मागोमाग आईचा निरोप, "वाटंत घर लागंल. उतरायचं न्हाई. मागं बघायचं न्हाई." हैबतरावाने विळ्याने गाठ कापली. मी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि जग पुन्हा कडक झालं.

आता मोठ्या प्रवासाला निघालेला माणूस आपल्या घरावरून भुर्रकन निघून जातो, खिडकीतून एक हात हलतो, असं मी मनाशी चित्र रंगवलं होतं. पौडच्या बाजारात शिरलो, आणि समोरून आलेली एसटी व वाळूचा ट्रक एकमेकांना भिडून उभे. मागे कुणी घ्यायचं यावर दोन्ही ड्रायव्हर खाली उतरून चर्चा करत होते. आमची जीप थांबली ती बरोबर माझ्या दारासमोर.

हळूहळू सगळे बाहेर आले. आशालताबाई म्हणाल्या, "अगंबाई, अजून इथेच?" मी पुन्हा हात जोडले. निरोपाचं माझं बोलणं कधीच संपलं होतं. आई माझ्या खुर्चीत बसून होती. ती उठली नाही, फक्त पदराने तोंड पुसत राहिली, आणि ते पुसणं काही थांबेना. दारात शारदा. चष्म्यातून ती पहिल्यांदा स्वच्छ दिसली. साडी हिरवी होती, कानापाशी केस पिकले होते, आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. हे सगळं कधीचं होतं कोण जाणे.

"पंपाचं बटण..." मी म्हणालो.

"माहीत आहे."

"दाराला एरंडेल लावून बघ. लागेल कदाचित."

"बघते."

गर्दी ऐकत होती. हैबतरावसुद्धा ऐकत होता. मी लाज सोडली. "शारदा, नको जाऊ का मी?"

"आता विचारता? लोक हसतील," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "त्या दाढीत ओळखू येत नाही. उतरल्यावर करा. आणि या."

एसटी हरली. ती मागे सरली, हैबतरावाने गिअर टाकला. मागे बघायचं नव्हतं. मी समोरच्या काचेवरच्या पाण्याकडे डोळे लावून बसलो. आणि मागून, हॉर्नच्या आणि माणसांच्या आवाजातून, तो आवाज आला. आधी कडी उचलल्याची बारीकशी खळ्ळ, मग एकच दणका. धप्प. पहिल्या झटक्यात, भरीव, माझ्यापेक्षाही चांगला.

माझा कान खोटं ऐकणार नाही. तिला दार लावता येत होतं. कधीपासूनच येत असणार. मी दिवसभर शाळेत असे, ती दळण आणायला जाई, बाजारात जाई, तेव्हा दार कोण लावत होतं, हा प्रश्न एवढ्या वर्षांत माझ्या मनाला शिवला नव्हता. मी आपला खिडकीतून ढग बघत बसलेलो, आणि ती रोज संध्याकाळी मला हाक मारून समुद्रापलीकडून घरात आणत होती. मी समोरच्या ओट्यावर होतो तोवर तिने दार लावलं नाही. मी खरंच निघालो, तेव्हा लावलं. 'जाऊ नका' असं मला कुणी म्हणालं नाही म्हणून मी रुसलो होतो. ती तर ते रोज म्हणत होती. माझा पुरता अपमान झाला होता आणि मला रडू आवरत नव्हतं.

"रडतुयास व्हय?" हैबतरावाने विचारलं.

"लई दिसांनी चष्मा लावलाय," मी म्हणालो. "पाणी येतं."

दोन वर्षांनी मी परत आलो तेव्हा पुन्हा भाद्रपद होता आणि पुन्हा तीच भुरभुर. मस्कतबद्दल विचारू नका. तिथे ढग नसतात आणि दारं आपोआप लागतात. आईने माझी खुर्ची सोडली नाही, म्हणून मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून पूर्वेकडे, म्हणजे नुसताच घराच्या आत, बघत होतो. दिवे लागले. स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो, दार!"

मी उठलो. डाव्या हाताने कडी धरली, पाय टेकवला, खांदा लावला. मुद्दाम दोनदा जमलं नाही असं दाखवलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती. मग मी दार लावलं.